मूळ नोंदीतून वजा

२ ऑगस्ट

आजी,

टायपिस्ट मावशींचा चहा होऊ दे, मगच त्यांना हे वाचायला सांग. मध्येच तू प्रश्न विचारतेस आणि त्यांची ओळ चुकते.

आमचं नर्सिंग कॉलेज बंद पडलं हे तुला ठाऊकच आहे. या नव्या विद्यापीठाने आम्हा अकरा जणींना शेवटच्या वर्षात घेतलं. इथे शिकलेलं क्रेडिटमध्ये मोजतात. विषय पास झाला की त्याची क्रेडिट तुझ्या नावावर, आणि सगळी भरली की पदवी. जुन्या कॉलेजची क्रेडिट नव्या गुणपत्रकावर आणायची, तर इथले लोक एकेक विषय तपासतात. माझे सगळे विषय त्यांनी घेतले, फक्त प्रसूतीचा नाही. म्हणाले, तुमच्या कॉलेजला प्रसूतिगृहच नव्हतं, नुसतं पुस्तक वाचलंत, ते आम्ही मोजत नाही. खोटं नाही ग ते. मी आजवर दोन बाळंतपणं पाहिली, तीही दारात उभी राहून.

म्हणजे पूर्ण वर्ष पुन्हा. आणि नदीपलीकडच्या रुग्णालयाने प्रसूतिगृहातली जागा माझ्यासाठी ऑक्टोबरअखेरपर्यंतच धरून ठेवली आहे.

एक वाट उरली आहे. जे आधीच येतं त्याची परीक्षा द्यायची. तिला ‘पूर्वज्ञान चाचणी’ म्हणतात. मंगळवारी, ९ सप्टेंबरला, सकाळी अकरा ते दोन. पास झाले तर ती क्रेडिट जुन्या खात्यातून उचलून इथे आणतात.

तू पन्नास वर्षं सुईणपण केलंस. तुला येतं ते मला लिहून पाठव. सगळं.

तुझी
टिटवी

१० ऑगस्ट

टिटवे,

तू जन्मलीस तेव्हा तळ्याकाठच्या टिटवीसारखी ओरडत होतीस, म्हणून हे नाव ठेवलं. पत्रातही तसंच ओरडतेस. सगळं लिहून पाठव म्हणे! अग, माझ्याकडे लिहिलेलं असतं तर मी पाठवलं असतं. मला ‘क’ कुठून सुरू होतो ते माहीत नाही. मी बोलते, ही वरच्या मजल्यावरची निवृत्त बाई लिहिते. तेवीस वर्षं कचेरीत टायपिंग केलं आणि आता म्हातारपणी माझी बडबड हाताने उतरवते आहे. तुला तिचं अक्षर आवडतं म्हणे. मला त्यातलं एवढंच कळतं, की आधी सगळी ओळ बोडकी लिहून काढते आणि शेवटी वरून एकच लांब रेघ ओढते. आधी कपडे वाळत घालायचे आणि मग दोरी बांधायची, असा प्रकार. आता ती माझ्याकडे रागाने बघते आहे. लिही म्हणावं हेही.

माझं कंबरेचं मोडलेलं हाड एप्रिलपासून तसंच आहे. खाट, खिडकी, समोर शिंप्याचं दुकान. शिंप्याची सून पोटुशी आहे. चालण्यावरून सांगते, पाचवा संपत आला. तिला विचारायला नको, पोटाला हात लावायला नको.

आता तुला काय सांगू? हे हाताचं काम. हातालाच डोळे असतात, ते आपल्याला विचारत नाहीत. पण एक सांगते, कारण ते तुझंच आहे. तू पायाळू. आधी पाय आले. तेव्हा बाकीच्या बायका काय करतात, तर ओढतात. ओढायचं नाही. मूल येत असतं, त्याला वाट दाखवायची. ऊन फडकं कमरेभोवती गुंडाळायचं आणि मानेवरचे बारीक केस दिसेपर्यंत हात बांधून बसायचं. हे बसणंच अवघड. तुझी नाळ मानेला दोन वेढे. ती कापताना माझ्या उजव्या अंगठ्यावर आडवं पातं लागलं. अजून रेघ आहे. त्या दिवसाचं पुढचं सांगत नाही. तुझी आई त्याच दिवशी गेली हे तुला माहीत आहे, तेवढं पुरे.

घाबरू नकोस. तुझ्याऐवजी मीच बसले असते ग परीक्षेला. पण अंगठेबहाद्दर बाईला कोण आत घेईल?

आजी

(ताजा कलम, माझा स्वतःचा. आजींना दुखणं फार आहे, त्या सांगत नाहीत. कूस बदलायलाही दोघी लागतात. मी पत्राच्या खाली असं अधूनमधून लिहीन. त्यांना कळणार नाही. — टायपिस्ट मावशी)

११ सप्टेंबर

आजी,

हसू नकोस. रागावू पण नकोस.

मी गेलेच नाही. म्हणजे गेले, परीक्षा केंद्राच्या दारापर्यंत. ओळखपत्र हातात होतं. आत बाकांवर मुली बसलेल्या दिसत होत्या आणि माझे हात गार पडले. मनात आलं, खोटं लिहून पास झाले आणि उद्या खरंच कुणी माझ्यासमोर पायाळू बाळ घेऊन आलं तर? मागे फिरले. समोर बसथांबा आहे, तिथल्या बाकावर दोन वाजेपर्यंत बसून राहिले. दार बघत. सगळ्या मुली बाहेर आल्या, रखवालदाराने दार लावलं, तेव्हा उठले.

पुढची चाचणी वर्षाने. रुग्णालयाला कळवायचं अजून धाडस झालं नाही. हे फक्त तुला सांगते आहे.

टिटवी

१७ सप्टेंबर

टिटवे,

रागावले नाही. हसले मात्र. ज्या मुलीला पाय आधी घालायची सवय जन्मापासून, तिने नेमका तोच मागे घ्यावा!

पण कारण खरं दिलंस. ज्याचे हात गार पडतात त्याला निदान हात आहेत. मला बिनधास्त बायका माहीत आहेत, त्यांच्या हातून काय काय झालं तेही माहीत आहे.

आता माझी गंमत ऐक. त्याच मंगळवारी ही बया मला सकाळचं वर्तमानपत्र वाचून दाखवत होती. वाचता वाचता तिची मान पडली, ती बघून माझीही. आणि मला स्वप्न पडलं की मी एका मोठ्या खोलीत आहे. बाकच बाक. शाईचा वास. खिडकीची कडी मोडलेली, निळ्या सुतळीने बांधलेली. एक बाई, चष्म्याला दोरी लावून तो गळ्यात अडकवलेला, ती येऊन म्हणाली, “तुम्हाला लिहिता येत नसेल तर लेखनिक घेता येईल.” मी म्हटलं, “आहे की माझी, शेजारी बसली आहे.” मग कागद आले. प्रश्न वाचून दाखवले जात होते आणि मी सांगत होते. टिटवे, काय सांगू, इतके सोपे प्रश्न! पाचवा तर तुझाच. मी म्हटलं, आता सगळं सांगून टाकते, आणि सांगत सुटले. शेवटी त्या बाईने माझा अंगठा शाईत बुडवला.

जाग आली तेव्हा दोनचा भोंगा होत होता. तीन तास झोपले! या वयात एवढी झोप म्हणजे चैन आहे.

आजी

(हे त्यांनी हसत सांगितलं, म्हणून मी हसत लिहिलं. पण तुला सांगायलाच हवं. मलाही तीच खोली दिसली. निळी सुतळी दिसली. जागी झाले तेव्हा मनगट धरलेलं होतं, तीन तास सलग लिहिल्यावर धरतं तसं, आणि माझ्या मधल्या बोटाला शाई होती. त्या दिवशी मी पेनाचं टोपण काढलेलं नव्हतं. आजींच्या अंगठ्यालाही शाई होती. मी ती त्यांच्या नकळत पुसली. — टायपिस्ट मावशी)

२९ सप्टेंबर

आजी,

मावशी, हे सगळं वाचा. काही गाळू नका.

आज सकाळी माझ्या गुणपत्रकावर प्रसूतीचा विषय आला. उत्तीर्ण. त्र्याण्णव गुण.

मी धावत कार्यालयात गेले आणि म्हटलं, चूक झाली आहे, मी परीक्षेला बसलेच नाही. टेबलाशी एक बाई होत्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “अरे वा, चालायला लागलात! त्या दिवशी खुर्चीतून आणलं होतं तुम्हाला.” वर त्या म्हणाल्या, “फोटो मीच जुळवला. चेहरा तुमचाच. आवाज मात्र त्या दिवशी फार थकलेला होता.”

मग उत्तरपत्रिका काढली. आजी, मला ती उघडायच्या आधीच कळलं होतं. पहिल्या पानापासून ओळी बोडक्या लिहून वरून एकच लांब रेघ ओढलेली. पाचव्या प्रश्नाच्या उत्तरात लिहिलं आहे, ‘ओढायचं नाही, वाट दाखवायची, मानेवरचे बारीक केस दिसेपर्यंत हात बांधून बसायचं.’ त्याच्यापुढेही दोन पानं आहेत. ती मी वाचली नाहीत. पहिल्या ओळीत ‘माझी लेक’ असं होतं, म्हणून मिटून टाकलं.

हजेरीच्या कागदावर, उमेदवाराच्या सहीच्या जागी अंगठा आहे. त्यावर आडवी रेघ.

मी म्हटलं, मला ही खोली बघायची आहे. त्यांनी दाखवली. खिडकीला निळी सुतळी आहे.

आता पुढचं. क्रेडिट इथे आणायला एक अर्ज भरायचा, १३ ऑक्टोबरपर्यंत. अर्जाच्या मागे नियम छापले आहेत. सातवा असा: ‘स्थलांतरित क्रेडिट मूळ नोंदीतून वजा करण्यात येईल.’ मी विचारलं, हे कशासाठी? बाई म्हणाल्या, “एकच शिकलेलं दोन ठिकाणी मोजलं जाऊ नये म्हणून. इकडे आलं की तिकडे राहत नाही.” आणि ‘मूळ ठिकाण’ या रकान्यात आमच्या जुन्या कॉलेजचं नाव नाही. तिथे तुझा पत्ता टाइप केलेला आहे. घर, मजला, ‘खिडकीची खोली’ सुद्धा.

मी सही केलेली नाही. मी काय करू?

टिटवी

५ ऑक्टोबर

टिटवे,

काय करू म्हणजे? सही कर. त्र्याण्णव गुण! सात कुठे कापले ते तेवढं विचारून घे त्या दोरीवाल्या बाईला. मी एकही चुकीचं सांगितलेलं नाही.

वजा वगैरे मनावर घेऊ नकोस. कागदवाल्यांना काहीतरी वजा केल्याशिवाय जेवण जात नाही. मी आहे तशी आहे. काल दोन पोळ्या खाल्ल्या. खिडकीतून शिंप्याचं मशीन ऐकते, या बयेला छळते. मला काय धाड भरली आहे?

तुझा जन्म मी पुन्हा सांगितला त्या परीक्षेत, एवढं आठवतं. काय सांगितलं ते आता नीटसं आठवत नाही. सांगून झालं की मन मोकळं होतं म्हणतात, तसं असेल.

सही कर आणि कामाला लाग.

आजी

(सही करू नकोस. आजी तुला खरं सांगत नाहीत, आणि त्यांना पूर्ण खरं माहीतही नाही. तुझा निकाल लागला त्या दिवशी शिंप्याची सून आली होती, पोटात दुखतं म्हणून. आजींनी नेहमीसारखा हात ठेवला. मग उचलला. मग परत ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “काय बघायचंय ग इथे?” सुनेला वाटलं थट्टा करताहेत. ती हसली. आजीही हसल्या. ती गेल्यावर मात्र कितीतरी वेळ स्वतःचे तळहात उलटेसुलटे करून बघत होत्या. या गल्लीतल्या निम्म्या लोकांना त्या ‘हा माझ्या हातचा’ म्हणून ओळखायच्या. आता कोण कुणाचं एवढंच सांगतात. नुसत्या निकालाने एवढं गेलं. सही झाली की उरलेलं जाईल. आणि त्यांच्या अंगठ्यावरची रेघ पुसट होत चालली आहे. मी रोज बघते. — टायपिस्ट मावशी)

९ ऑक्टोबर

आजी,

मी सही करणार नाही. ठरलं. वर्ष पुन्हा काढीन. दारात उभी न राहता आत जाऊन शिकेन, ओरडा खाईन. रुग्णालयाला उद्या कळवते. अर्ज फाडला नाही, कारण तो परत मागतात. कोरा परत करते आहे.

तुझं तुझ्याजवळ राहू दे. सुट्टीत येते, तेव्हा शिंप्याच्या सुनेचे दिवस भरलेले असतील. तू सांग, मी करीन. तसंच शिकवतात ना आज्या?

मावशी, हे पत्र पोचताच वाचून दाखवा. त्याच दिवशी.

टिटवी

१५ ऑक्टोबर

टिटवे,

तुझं पत्र काल, चौदाला आलं. मी तेराला जाऊन आले होते.

आधी एक हिशेब मिटवते. या बयेला वाटतं, मला वाचता येत नाही म्हणून मला कळत नाही. अग बये, माझं बोलणं संपल्यावरही तुझं पेन कुरकुरत राहतं, ते मला ऐकू येत नाही का? ऑगस्टपासून ऐकते आहे. माझ्या ‘आजी’नंतर कधी चार ओळी, कधी पानभर. लिही, हेही लिही. रडू नकोस, कागद भिजेल.

तर सोमवारी वर्तमानपत्र वाचता वाचता ही झोपली, मग मी. तीच खोली. या वेळी बाक रिकामे होते. ती दोरीवाली एकटीच. म्हणाली, “मुलीने कोरा अर्ज परत केला. मूळ नोंद स्वतः संमती देत असेल तर चालतं.” मी विचारलं, “सगळं जाईल?” ती म्हणाली, “जे मोजलं ते सगळं. दोन दिवसांत.” वाईट नाही ग ती. तिने मला पाणी दिलं.

तुला वाटेल, म्हातारीने तुझ्यासाठी त्याग केला. उगाच मोठी करू नकोस मला. हे हात खाटेवर पडून आहेत. मी गेले की ते माझ्याबरोबर जातील, आणि शिंप्याच्या सुनेला कुणीतरी ओढाओढ करणारी मिळेल. हे एक कारण. दुसरं मी कुणाला सांगितलं नाही, त्या उत्तरपत्रिकेला सोडून.

तू आलीस तेव्हा माझा एक हात तुझ्या मानेशी होता. वेढे सोडवत. दुसरा तिच्या पोटावर असायला हवा होता. दोन वेढ्यांना दोन हात लागले, टिटवे. मी वळले तोवर खाटेखाली रक्त गेलं होतं. तिने मला एक विचारलं, मी उत्तर द्यायच्या आत गेली. चोवीस वर्षं ते ऐकते आहे. दर बाळंतपणाला ऐकलं. ते जाणार असेल तर मी अंगठा उठवायला मागेपुढे बघणार नाही, आणि पाहिलंही नाही.

फक्त एक मला उशिरा सुचलं. शाईत बोट बुडल्यावर. ते जातं म्हणजे कुठे जातं?

मला क्षमा कर. ते तुझ्याकडे येईल.

आजी

(आजींनी हे काल, पंधराला, रात्री जेवणाआधी सांगितलं. आज सकाळी वाचून दाखवलं तर म्हणाल्या, “छान आहे गोष्ट. कुणाची?” मी खाली काय लिहू? — टा. मा.)

८ नोव्हेंबर

आजी,

क्रेडिट माझ्या सहीशिवायच जमा झाली, तेव्हा रुग्णालयाला दिलेला नकार मागे घेतला. कामावर लागून एक आठवडा झाला. परवा सकाळी एक बाई आली, चौथी खेप, पाय आधी. डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर शस्त्रक्रियेत. सोबतची नर्स म्हणाली, “ओढ!” मी म्हटलं, “हात लावू नका.” माझाच आवाज, पण जरा थकलेला. ऊन फडकं मागितलं. हात बांधून बसले. मानेवरचे केस दिसले तेव्हा माझे हात माझ्या आधी उठले. वेढा एकच होता. एक हात तिथे, आणि दुसरा, कुणी सांगितलं नसताना, आईच्या पोटावर घट्ट. दोघं बरी आहेत. मुलगा आहे, ओरडत नाही, नुसता बघतो.

हात धुताना उजव्या अंगठ्याला झोंबलं. आडवी रेघ उठली आहे. जुनी दिसते.

आणि आजी, मला आई आठवते.

मी तिला कधी पाहिलं नाही, तिचा फोटोही एकच, शाळेतला. पण आता मला ती वरून दिसते, वाकून बघितल्यासारखी. कपाळावर चिकटलेले केस. खालचा ओठ चावलेला. मी रडते आहे ते मला ऐकू येतं, दुसऱ्या कुणाचं ऐकावं तसं. माझे दोन्ही हात गुंतलेले आहेत. आणि ती विचारते, “आई, रागावली नाहीस ना?”

ती कशाबद्दल विचारत होती ते मला माहीत नाही. तुलाच माहीत असेल. मी दर वेळी ऐकते. आजवर सहा बाळंतपणं, सहा वेळा.

टिटवी

१६ नोव्हेंबर

मुली,

तुझं पत्र या बाईने वाचून दाखवलं. मध्ये तीनदा थांबली. म्हातारी झाली ती, धाप लागते. तू कामात तरबेज दिसतेस. कुठे शिकलीस ग? आमच्या समोरच्या शिंप्याची सून अडली तर तुलाच बोलावू म्हटलं. इथे कुणी जाणतं नाही.

मी मजेत आहे. झोप उत्तम लागते. गल्लीतले लोक येता-जाता माझ्या पाया पडतात, का ते कळत नाही. मी आशीर्वाद देऊन टाकते. त्याला काय लागतं?

ही सांगते, तू माझी नात. मग तू माझ्या लेकीची. तेवढं बरोबर जुळलं. लेक मला चांगली आठवते. दोन वेण्या घालायची. परवानगी न घेता लग्न केलं म्हणून मी तिच्याशी वर्षभर बोलले नव्हते, तेही आठवतं. मग एक दिवस ती दारात उभी राहिली, पोट पुढे, हातात पिशवी. मी बाजूला झाले आणि तिला आत घेतलं. त्याच्या पुढचं काही केल्या सापडत नाही. या बाईला विचारलं तर ती पेन खाली ठेवून खिडकीबाहेर बघते.

तू तिची मुलगी, तेव्हा तुझ्याकडे तिचा पत्ता असेलच. कितीतरी दिवसांत तिचं पत्र नाही. तिला कळव, आई रागावलेली नाही म्हणावं. दोन ओळी टाक म्हणावं, वाचायला इथे माणूस आहे.

आजी